प्रश्नावलीही मांडा



 आरोग्यसेवेसाठी लोक किती पैसे मोजायला तयार आहेत, हे त्यांना कसे विचारावे, एवढ्या एका प्रश्नासाठी आपण इथे जमलो आहोत. त्यासाठी पुण्याहून योग्य शहर मला सुचत नाही. इथल्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मान यांनी पिंपळे सौदागरच्या शेतकऱ्यांची जमीन, कर्ज आणि मजुरी तपशिलाने नोंदवली. त्यांचे पुस्तक १९१७ साली निघाले. आज त्या शिवारात उंच इमारती उभ्या आहेत. पुढे गोखले संस्थेतून अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळांनी पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली. तिचा पहिला भाग १९४५चा.

या दोघांनी प्रामुख्याने जे विचारले, ते घडून गेलेले होते. कर्ज किती काढले, मजुरी किती मिळाली. आपण विचारतो ते अजून घडायचे असते. ‘अशी विमा योजना आली, तर वर्षाला किती भराल?’ याचे उत्तर ओसरीवर बसलेल्या माणसाकडे आधीपासून तयार असतेच असे नाही. पुष्कळदा ते आपल्यासमोरच, आपल्या शब्दांच्या आधाराने तयार होते. म्हणून आपली जबाबदारी मान-गाडगीळांच्या जबाबदारीहून वेगळी आहे, आणि माझ्या मते जास्त अवघड आहे.

पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासोचे उदाहरण सांगतो. तिथल्या नूना भागात लोकांच्या सहभागातून आरोग्यविमा सुरू करायचा होता, तेव्हा हप्ता किती ठेवावा यासाठी पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. प्रश्न दोन पद्धतींनी विचारला होता. एकीत मुलाखतकार एक रक्कम सांगतो आणि उत्तरानुसार ती वर-खाली करत जातो, मंडईत भाव ठरावा तसा. दुसरीत एकच रक्कम सांगून ‘होय की नाही’ एवढेच विचारायचे. पहिल्या पद्धतीने माणशी सरासरी २,३८४ सीएफए फ्रँक निघाले, दुसऱ्या पद्धतीने ३,१९१. कुटुंबप्रमुखांना सगळ्या घरासाठी विचारले, तेव्हा फरक आणखी रुंदावला: ६,४४८ आणि ९,७६९. योजना तीच, गावे तीच, आणि रक्कम दीडपट!

यात लबाडी कोणाचीच नाही. आपल्याकडच्या कोणत्याही गावात डोळ्यांसमोर आणून पाहा. शहरातून कोणी कागद घेऊन दारात आले आहे, चहा झाला आहे, आणि पाहुणा विचारतो, ‘एवढे द्याल का?’ तोंडावर नाही म्हणणे जड जाते. घासाघीस सुरू झाली, की तोच माणूस हिशेबाला लागतो. पण त्यातही पहिल्यांदा उच्चारलेली रक्कम मनात रुतून बसते आणि पुढची बोली तिच्याच आसपास फिरते. शिवाय होय-नाहीच्या पद्धतीत माणसाची स्वतःची रक्कम हाती येतच नाही. ती सांख्यिकीच्या सूत्रातून काढावी लागते आणि सूत्र बदलले की तीही हलते.

तरीही होय-नाहीच्या बाजूने मोठी नावे आहेत. अलास्कात एक्सॉन वाल्डेझ जहाजातून तेल सांडल्यानंतर केनेथ ॲरो आणि रॉबर्ट सोलो यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९९३ साली सांगितले, की पर्यावरणाची किंमत लोकांना विचारताना प्रश्न मतदानासारखा असावा, मुलाखत समोरासमोर व्हावी आणि हा पैसा दुसऱ्या कोणत्या तरी खर्चातून कापावा लागेल याची आठवण आधी करून द्यावी. वैद्यकीय सेवेच्या अर्थशास्त्राचा पाया १९६३च्या लेखाने घालणारे ॲरो ते हेच. पर्यावरणासाठी दिलेला हा सल्ला आरोग्याच्या पाहण्यांतही शिरला. त्यातली खर्चाची आठवण मला सर्वांत मोलाची वाटते, आणि घाईत नेमकी तीच गळते.

वेळेचेही तसेच. व्हिएतनाममधल्या ह्वे शहरात कॉलरा आणि टायफॉइडच्या लसींबद्दल विचारताना काही जणांना रात्रभर विचार करायला मुभा दिली. त्यांची उत्तरे जास्त सुसंगत आली आणि रक्कम कमी निघाली. घरात बोलणे झाले असेल, डब्यातले पैसे मोजले गेले असतील. एका दिवसात ठरावीक मुलाखती उरकायचा दट्ट्या आपण आपल्या मुलाखतकारांच्या मागे लावतो, तेव्हा ही रात्र आपण उत्तर देणाऱ्याकडून काढून घेतो.

हे तंत्राचा कीस काढणे नाही. भारतातल्या सात सूक्ष्म आरोग्यविमा योजनांच्या परिसरात झालेला एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सुमारे निम्मे लोक वार्षिक कौटुंबिक उत्पन्नाच्या किमान १.३५ टक्के हप्त्यापोटी द्यायला तयार होते, असे त्यात आढळले. हा प्रश्न मोठ्या रकमेपासून सुरू करून खाली उतरत विचारला होता, हे त्या संशोधकांनी उघड सांगितले आहे. पण आकडा पुढे गेला, की पद्धत बहुधा मागे राहते. टिपणात, बैठकीत, अंदाजपत्रकात उरतात ते टक्के. त्यावर हप्ता ठरतो, आणि तो झेपला नाही तर ऊसतोड मजुराचे किंवा मोलकरणीचे घर विम्याबाहेर राहते. गरिबाने सांगितलेली रक्कम लहान असते ती त्याच्या खिशामुळे. त्याला प्रकृतीची किंमत कमी वाटते, असा तिचा अर्थ कोणी लावू नये. आणि घरातल्या बाईला वेगळे विचारलेच नसेल, तर तिचे उत्तर त्या आकड्यात नाहीच.

म्हणून यजमान या नात्याने एक आग्रह धरतो. इथे जो कोणी रक्कम मांडेल, त्याने मूळ प्रश्नही, ज्या भाषेत विचारला त्या भाषेत, पहिल्या रकमेसह पडद्यावर दाखवावा. कोणाला विचारले, घरात त्या वेळी आणखी कोण होते, विचार करायला किती वेळ दिला, हेही सांगावे. मागच्या रांगांतल्या मुलाखतकारांना आम्ही मुद्दाम बोलावले आहे. दारातला संकोच त्यांनी पाहिलेला आहे. चर्चेत पहिला प्रश्न त्यांना विचारू द्या.