सूत धरावे की मिलीमीटर?



घरी कपाट करायला निघालेल्या माणसाची प्लायवूडच्या दुकानातली पावती एकदा नीट वाचून पाहावी. हिंगोलीतले दुकान असो की वसमतचे, पावती साधारण सारखीच असते. पहिली ओळ : प्लाय, आठ बाय चार, अठरा एमएम. दुसरी : सनमायका, आठ बाय चार, एक एमएम. मग स्क्रू, ३५ बाय ८. बिजागऱ्या, तीन इंची. चॅनेल, अठरा इंची. एकाच शीटची लांबी-रुंदी फुटांत आणि जाडी मिलीमीटरमध्ये. स्क्रूमधला ३५ हा आकडा मिलीमीटरचा. ८ हा जुना नंबर, तो इंचही नाही आणि मिलीमीटरही नाही. दुकानदार हे सगळे एका दमात लिहितो, गिऱ्हाईक एका दमात वाचते. अडते ते घरी आल्यावर, अंगणात शीट आडवे टाकून पहिली रेघ मारताना. टेपच्या वरच्या कडेला इंच, खालच्या कडेला सेंटीमीटर. यातली कुठली कड धरायची?

निवृत्तीनंतर रंधा हाती घेतलेले शिक्षक, बँकेतून घरी आल्यावर माळ्यावर ठोकाठोकी करणारा कारकून, आयटीआय करून घरच्या पडवीत काम सुरू केलेला मुलगा, या सगळ्यांना हा प्रश्न पडतो. तो क्षुल्लक समजून पुढे जाणाऱ्यांचे प्लाय वाया जाते, आणि आजच्या भावात एक शीट वाया जाणे घरखर्चाला सोसत नाही.

दोन मापांची ही सरमिसळ हिंगोलीच्या रेल्वेतही होती. हिंगोली डेक्कन स्थानकावरून पूर्णा–अकोला मार्गाची मीटरगेज गाडी धावायची. त्या नावातला मीटर खराखुरा होता. लॉर्ड मेयो व्हाइसरॉय असताना, १८७० मध्ये, कमी खर्चाच्या अरुंद रेल्वेमार्गांसाठी रुळांमधले अंतर ठरवायचे होते. त्याच सुमारास हिंदुस्थानात मेट्रिक मापे आणण्याचा सरकारचा बेत चालू होता. पुढे १८७१ च्या कायद्याने एक शेर म्हणजे एक किलोग्रॅम असे ठरवूनही टाकले. त्या बेतापायी रुळांमध्ये एक मीटर. तेच अंतर इंग्रजी मापात ३ फूट ३ ३/८ इंच, आणि सुताराच्या भाषेत, इंचाचे आठ सूत धरून, तीन फूट तीन इंच तीन सूत. फेब्रुवारी १८७२ मध्ये पोर्ट ब्लेअरला मेयोंची हत्या झाली. कायदा कागदावर राहिला, रूळ मात्र मीटरचे पडत गेले.

२००८ मध्ये पूर्णा–अकोला मार्ग ब्रॉडगेज झाला. ब्रॉडगेजचे अंतर मुळात साडेपाच फूट. आजच्या रेल्वेच्या कागदांवर ते १६७६ मिलीमीटर असे लिहितात. मीटरच्या रुळाचे माप इंचात सांगितले गेले आणि फुटाच्या रुळाचे मिलीमीटरमध्ये. पावतीवरचा घोळ हा त्याचाच घरगुती अवतार आहे.

कायद्याने निकाल लागला तो १९५६ मध्ये. १ नोव्हेंबरला मराठवाडा हैदराबाद राज्यातून द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि त्याच वर्षी डिसेंबरात वजन-मापांच्या प्रमाणीकरणाचा कायदा झाला. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, १९५८ च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने मेट्रिक वजने आली. शेर आणि छटाक बाजारातून गेले. फूट-इंच मात्र सुताराच्या हातून गेले नाहीत, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. मोंढ्यातले वजन बदलायला एक शिक्क्याचे लोखंडी माप पुरते. आज किलोने ज्वारी मोजली तर कालच्या शेराच्या ज्वारीशी तिची गाठ पडत नाही. लाकडाचे तसे नाही. सात बाय तीनचा दरवाजा एकदा भिंतीत बसला की पन्नास वर्षे तिथेच असतो. त्याचे फळकूट बदलायचे, बिजागरी बदलायची, शेजारच्या खोलीत तसाच दुसरा बसवायचा, तर माप फुटांतच येते. जुनी वस्तू नव्या वस्तूला आपले माप देत राहते. ज्यांच्या घरी अजून माळवद आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. तिथे तर घरच खणांनी मोजलेले असते, आणि खण म्हणजे ज्याच्या त्याच्या तुळयांमधले अंतर.

दुसरे कारण शाळेत आहे. एके काळी मराठी शाळेत पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी घोकून घेत. पंधरा पाउणे किती, हे विचारताच उत्तर यायचे. अशा पाठांतरावर वाढलेल्या मिस्त्रीला इंच, अर्धा इंच, पाव इंच, सूत ही उतरण सरळ जिन्यासारखी होती. एका इंचाचे आठ सूत, चार सुतांचा अर्धा इंच, सहा सुतांचा पाऊण इंच. प्रत्येक पायरी मागच्या पायरीच्या निम्मी. काही न मोजताही दोरी दुमडून निम्मे काढता येते. आजच्या मुलाने पाउणकी पाहिलेली नाही, तो दशांश शिकला आहे. त्याला ३०३ आणि २७७ यांची वजाबाकी तोंडी येते. ११ इंच ७ सुतांतून ६ सूत वजा करताना तो थांबतो. हा त्याचा कमीपणा मुळीच नाही, त्याच्या हातात वेगळे हत्यार दिलेले आहे.

सुताबद्दल आणखी एक गोष्ट. सुतार हा शब्द सूत्रधारापासून आला, दोरी धरणारा तो सुतार. त्या नावातच माप आहे. पण आज बाजारातले सूत एक उरलेले नाही. काटेकोर सूत म्हणजे ३.१७५ मिलीमीटर, कारण १९५९ च्या आंतरराष्ट्रीय करारानंतर इंच बरोबर २५.४ मिलीमीटर धरला जातो. लोखंडाच्या दुकानात मात्र चार सुती सळई म्हणजे १२ मिलीमीटरची, पाच सुती १६ ची आणि सहा सुती २० ची. चार सुतांचे खरे माप १२.७, सहा सुतांचे १९.०५. म्हणजे एके ठिकाणी सूत आखूड झाले, दुसरीकडे लांबले. तोळ्याचेही तसेच झाले. पूर्वी तो साडेअकरा ग्रॅमच्या वर भरायचा, आता सराफाकडे दहा ग्रॅमचा आहे. शब्द जुनाच राहिला आणि आतले माप बदलले. स्लॅबच्या सळईत याने काही बिघडत नाही, कारण ती कारखान्यातून मिलीमीटरमध्येच येते. कपाटात बिघडते.

किती बिघडते ते एका कपाटावर पाहू. भिंतीतल्या कोनाड्यात कपाट बसवायचे आहे. मिस्त्री रुंदी सांगतो : तीन फूट दोन इंच पाच सूत. आत सारख्या रुंदीचे तीन खण हवेत. दोन बाजूंच्या फळ्या आणि मधल्या दोन, मिळून अठरा एमएमच्या चार फळ्या. प्रत्येक खणाच्या फळीची लांबी किती?

सुतांच्या हिशेबात अठरा एमएमला सगळे पाऊण इंच म्हणतात. चार फळ्यांचे तीन इंच झाले. अडतीस इंच पाच सुतांतून तीन इंच गेले, उरले पस्तीस इंच पाच सूत, म्हणजे २८५ सूत. तिनाने भागले की ९५ सूत, अकरा इंच सात सूत. हिशेब तोंडी सुटला, बाकीही राहिली नाही. हिशेबाचा हा सुबकपणाच माणसाला निश्चिंत करतो.

आता मिलीमीटर. रुंदी ९८१. चार फळ्यांचे ७२. उरले ९०९, तिनाने भागून ३०३. सुतांचे अकरा इंच सात सूत म्हणजे ३०१.६. प्रत्येक फळी जवळजवळ दीड मिलीमीटर आखूड, तिन्ही मिळून चार मिलीमीटरच्या वर, एका सुतापेक्षा जास्त. मिस्त्रीचे गणित चुकले नव्हते. अठरा मिलीमीटरला पाऊण इंच म्हटले तिथेच चूक घुसली. पाऊण इंच १९.०५ चा असतो आणि तो एक मिलीमीटर चार वेळा मोजला गेला.

अनुभवी मिस्त्री अशी फळी जागेवर धरून, डोळ्याने पाहून, रंध्याचे दोन हात मारून भागवतो. त्याच्या हाताला ती सवय आहे. घरी शिकणाऱ्याच्या हाताला नाही. त्याने सगळ्या फळ्या आधी कापलेल्या असतात, त्याही एकाच मापाच्या, आणि आखूड कापलेली फळी लांब होत नाही. म्हणून प्लायच्या कामात घरच्या कारागिराने मिलीमीटरच धरावा, असे ठामपणे सांगायला हवे. प्लायची जाडी मिलीमीटरची, सनमायकाची मिलीमीटरची, ऑटो हिंजच्या वाटीचे भोक ३५ मिलीमीटरचे, त्याचा बिट ३५ चा. अठरा इंची म्हणून मिळणारे चॅनेल पुष्कळदा ४५० मिलीमीटरचे असते, ४५७ चे नव्हे. ते कपाटाच्या खोलीत बसेल की नाही हे मिलीमीटरमध्ये मोजल्यावरच कळते. ड्रॉवरच्या दोन्ही बाजूंना चॅनेलसाठी तेरा-तेरा मिलीमीटर सोडायचे, म्हणजे ३०३ च्या खणात २७७ चा ड्रॉवर. आणि अठरा म्हणून घेतलेले प्लायही कॅलिपर लावून पाहावे. सतरा-साडेसतरा भरले तर हिशेबात तेच घ्यावे.

शीट कापताना पात्याचीही जागा धरावी लागते. चार इंची म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कटरचे पाते ११० मिलीमीटरचे असते, आणि प्रत्येक कापात ते दोनेक मिलीमीटर लाकडाचा भुसा करते. १२२० मिलीमीटर रुंदीच्या शीटमधून चार सारख्या पट्ट्या काढायच्या तर प्रत्येकी ३०५ मिळणार नाहीत. ३०३ निघतात, आणि वरच्या कपाटाला तेवढ्याच हव्या आहेत.

अस्सल लाकडाशी गाठ पडली की चित्र बदलते. सागाची फूटभर रुंद, आडव्या चिरेची फळी घ्या. हिंगोलीच्या वैशाखात ती कोरडी ठणठणीत होते आणि श्रावणात हवेतला ओलावा ओढून घेते. लाकडातला ओलावा सहा टक्क्यांनी वाढला तर अशी फळी रुंदीत सुमारे साडेतीन मिलीमीटर फुगते, म्हणजे एका सुताहून थोडी जास्त. उभ्या चिरेची फळी त्याच्या साधारण निम्मी हलते, लांबीत तर जवळपास हलतच नाही. पावसाळ्यात दरवाजा अडकतो तो यामुळे. प्लायमध्ये थरांचे तंतू एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात, म्हणून ते फारसे हलत नाही. तेव्हा सागाच्या दाराची रुंदी अर्ध्या मिलीमीटरपर्यंत मोजत बसण्यात अर्थ नाही. तिथे सुताची मोकळीक लाकडाच्या स्वभावाला साजते. जुन्या मिस्त्रीने चौकट आणि दार यांच्यामध्ये सोडलेली फट अनेक पावसाळे पाहून ठरलेली असते. सात बाय तीनच्या चौकटीचे काम, जुन्या वाड्यातल्या दाराची दुरुस्ती, ओट्याखालच्या जुन्या मांडणीचे फळकूट बदलणे, या कामांत फूट-इंच-सूत सोडू नये.

अवजारांच्या बाबतीत एक धोका जीवावरचा आहे, आणि तो मोकळेपणाने सांगितलाच पाहिजे. राउटरचा बिट ज्या कोलेटमध्ये आवळतात तो पाव इंची असतो, म्हणजे ६.३५ मिलीमीटरचा, किंवा ६ मिलीमीटरचा. मोठ्या राउटरला अर्धा इंची, १२.७ चा, किंवा १२ चा. पाव इंची कोलेटमध्ये सहा मिलीमीटरचा बिट घातला की आवळल्यासारखा वाटतो. यंत्र मिनिटाला वीस-तीस हजार फेऱ्यांनी फिरू लागले की तो सरकतो आणि निसटूही शकतो. इथे "चालतंय की" म्हणू नये. बिटाच्या डब्यावर इंची आणि एमएम असे दोन रंग लावून ठेवावेत, आणि घरात लहान मुले असतील तर दोन्ही डबे उंचावर ठेवावेत.

टेप विकत घेताना पात्यावर छोट्या वर्तुळात किंवा चौकटीत I, II असा रोमन आकडा शोधावा. दुसऱ्या वर्गाच्या टेपला तीन मीटरवर ०.९ मिलीमीटरपर्यंत चूक माफ असते, पहिल्या वर्गाच्या टेपला ०.४. एका कामाला एकच टेप वापरावा. टेपच्या टोकाची पत्री किंचित हलते, तो दोष समजून ती ठोकून घट्ट करणारे पुष्कळ आहेत. ती तिच्या जाडीइतकी हलावी म्हणूनच तशी बसवलेली असते. बाहेरून अडकवले आणि आतून टेकवले तरी माप एकच यावे यासाठी. पत्रीवर भरवसा नसेल तर मिस्त्री एक इंच सोडून मोजतात आणि शेवटी वजा करायला कधी कधी विसरतात. मिलीमीटरमध्ये शंभर सोडावेत. शंभराची चूक डोळ्यात लगेच भरते, एका इंचाची भरत नाही.

उरते ते माणसांशी बोलणे. घरचा कारागीर चौकटीसाठी गावातल्या मिस्त्रीला बोलावतो आणि त्याला ९८१ सांगतो. "दादा, फुटात सांगा," असे तो म्हणणारच. त्याला तीन फूट दोन इंच पाच सूत सांगावे, आदराने सांगावे, आणि आपल्या वहीत ९८१ लिहून ठेवावे. प्लायवूडच्या दुकानातही मोजमाप फुटांत बोलावे, कारण आठ बाय चार हीच तिथली भाषा आहे. कापताना मात्र वहीत दुसरा आकडा येऊ देऊ नये.

आणि कोनाडा मोजायचा असेल तर जुन्या मिस्त्रींची मापकाठी अजून वापरून पाहावी. एक सरळ काठी कोनाड्यात धरायची, दोन्ही कडांवर पेन्सिलीने रेघ मारायची, वर आणि खाली वेगळी, कारण भिंती क्वचितच सरळ असतात. त्या काठीवर "स्वयंपाकघर, उजवा कोनाडा, वरची बाजू" असे लिहून ती अंगणात न्यावी, प्लायवर ठेवून कापाव्या लागणाऱ्या फळ्या आखाव्यात, आणि कपाट बसेपर्यंत ती काठी कुणाला चुलीत घालू देऊ नये.