उपमा की रूपक?

कतारमध्ये अबू हमूरच्या एमईएस इंडियन स्कूलसारख्या सीबीएसई शाळांत बोर्डाचा पेपर सकाळी 8 ला सुरू होतो, तेव्हा भारतात साडेदहा वाजलेले असतात. त्याआधीची 15 मिनिटं फक्त प्रश्नपत्रिका वाचायला. दहावीच्या इंग्रजीत 80 पैकी 20 गुण नुसत्या उताऱ्यांचे, म्हणून ती मिनिटं पेन्सिलींना टोक काढण्यात घालवू नका. आधी प्रश्न वाचा, मग उतारा.

आता उताऱ्यांत भेटणारे अलंकार. मुलं हमखास अडखळतात ती इथं. जूनमधलं दोह्याचं ऊन आठवा. ‘गाडीचा टप तव्यासारखा तापलाय’ ही उपमा. ‘टप जणू तवाच’ म्हटलं की उत्प्रेक्षा. आणि ‘सारखा’, ‘जणू’ दोन्ही गाळून ‘हा टप म्हणजे तवा’ म्हणालात, तर रूपक. टप तोच, तवाही तोच. बदलला तो एक शब्द. व्याख्या घोकण्यापेक्षा हे बरं, निदान मला तरी तसं वाटतं.

उताऱ्यात कठीण शब्द आला तर अडून बसू नका, मागचंपुढचं वाक्य वाचा. आज शाळेतून घरी जाताना खिडकीबाहेर बघा आणि तीन वाक्यं स्वतः रचा: एक उपमा, एक उत्प्रेक्षा, एक रूपक.