सहा फुटांवर अडकलेली रिंग

आजचा एपिसोड कोडचा नाही, कॅमेऱ्याचा आहे.

माझ्या काकांचा सेलूला फोटो स्टुडिओ होता. मे महिन्यात गावी गेलो तेव्हा ट्रंकेत त्यांचा पहिला कॅमेरा सापडला. अ‍ॅग्फा आयसोलेट २, म्युनिकला बनलेला, १९५० च्या दशकातलं मॉडेल. झाकण उघडलं की भाता पुढं येतो, १२० चा रोल लागतो आणि त्यावर बारा चौकोनी फोटो निघतात. शटर दाबलं तर चक्क चाललं! पण फोकसची रिंग सहा फुटांवर गच्च. हलायचं नावच नाही.

काका म्हणाले, "राहू दे रे. त्यानं एका लग्नाचे सगळे फोटो घालवले माझे. म्हणजे त्याचा काय दोष, माझा अंदाज चुकला."

आता या कॅमेऱ्यात फोकस दिसत नाही, बरं का. समोरचा माणूस किती फुटांवर आहे ते डोळ्यानं ठरवायचं आणि रिंग तेवढ्यावर फिरवायची. त्यामुळं फोटो धूसर आले की दोष डोळ्याचा. काकांनी पार्टीचे पैसे परत दिले होते, आणि हा कॅमेरा पुन्हा हातात घेतला नव्हता.

मी जरा शोधाशोध केली. या जुन्या अ‍ॅग्फांचा हा प्रसिद्ध रोग आहे. लेन्सच्या आट्यांमध्ये कंपनीनं हिरवं ग्रीस भरलं होतं, ते वर्षानुवर्षं सुकून डिंकासारखं घट्ट होतं. म्हणजे काही तुटलेलं नसतं, चिकटलेलं असतं. पक्कड लावून बळंच फिरवलं तर मात्र खरंच तुटतं. आणि फवाऱ्याचं तेल तर मारूच नका! ते शटरच्या पात्यांवर उतरतं, मग शटरही चिकटतं.

रिंगच्या कडेला तीन बारीक स्क्रू असतात. ते सैल केले आणि रिंग काढली. पुढची काच फिरवायला गेलो, तर फिरली! मी खूश. पण नीट बघितलं तर तिच्यासोबत मधली काचही फिरत होती. दोन्ही एकमेकींना चिकटून, अख्खा जोड शटरमधून बाहेर येत होता.

आणि इथंच मी थांबलो. फोकस बदलतो तो पुढच्या आणि मधल्या काचेतलं अंतर बदललं म्हणून. दोघी एकत्र फिरल्या तर ते अंतर तसंच राहतं, आणि मधली काच मात्र मागच्या काचेपासून सरकते. रिंग फिरते, आकडा बदलतो, फोटो चुकतो. एरर न देता चुकीचं उत्तर देणारा प्रोग्राम असतो ना, तसं.

काकांना विचारलं, "त्या लग्नाच्या वेळी रिंग जड फिरत होती का?"

"जड होती. जोर लावावा लागायचा."

मी त्यांना तो जोड हातात दिला, फिरवून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

जोड दोन दिवस लायटरच्या पेट्रोलमध्ये बुडवून ठेवला. मग बाहेर काढून पूर्ण वाळवला, आणि त्यानंतरच हेअर ड्रायरनं गरम केला. ओल्या पेट्रोलजवळ ड्रायर न्यायचा नाही, हे लक्षात ठेवा. दोन्ही बाजूंनी रबराचे तुकडे धरून पिळलं. चौथ्या खेपेला कर्र झालं आणि सुटलं. सुटल्या जागी लगेच खूण केली, कारण आटे चुकीच्या जागी धरले तर सगळं गणित बिघडतं. मग टूथपिकनं हिरवी घाण काढली आणि नवं ग्रीस लावलं, अगदी नखाएवढं.

शेवटी फोकस जुळवायचा. रोलच्या जागी ट्रेसिंग पेपर ताणून चिकटवला, शटर उघडं ठेवलं आणि लांबच्या मोबाईल टॉवरकडं धरलं. कागदावर टॉवर उलटा दिसतो. मोबाईलचा कॅमेरा झूम करून बघत पुढची काच फिरवली, टॉवरच्या कांबी स्पष्ट झाल्या तिथं थांबलो. रिंग अनंताच्या खुणेवर ठेवून स्क्रू आवळले.

मग काकांना अंगणात नेलं. म्हणालो, ते लिंबाचं झाड किती लांब आहे? त्यांनी एक डोळा बारीक केला. "बावीस फूट."

टेप लावला. साडेएकवीस.

काका म्हणाले, "रोल कुठाय?"