चित्रकलेची पदविका आणि मुलीची कमाई

(महिला गटांच्या तालुका मेळाव्यातील भाषण, थोडे संक्षिप्त करून)



तालुक्याच्या गावातल्या छोट्या कला महाविद्यालयात मुलीला घालताना घरचे लोक काय म्हणतात, ते तुम्ही ऐकले आहे. 'तिला हौस आहे. कॉलेज जवळ आहे. लग्नानंतर घरबसल्या काहीतरी करता येईल.' मुलगा तोच कोर्स करायला निघाला की मात्र विचारतात, 'यातून पोट कसे भरणार?' मुलीला हे कुणी विचारत नाही, कारण तिने स्वतःचे पोट भरायचे आहे असे कुणी धरलेलेच नसते. माझे म्हणणे एवढेच, की हा प्रश्न तिच्यासाठीही प्रवेशाच्या दिवशीच विचारायला हवा.

मुंबईचे जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली सुरू झाले. अंबिका धुरंधर १९३१ साली तिथली पदविका घेऊन बाहेर पडल्या. त्यांचे वडील एम. व्ही. धुरंधर स्वतः नामवंत चित्रकार, त्याच संस्थेत शिकवलेले. आपल्या मुलींच्या घरात चित्रकार बाप नाही, ओळखीपाळखी नाहीत. त्यांना आधार फक्त कॉलेजचा.

ए.टी.डी. केले की शाळेत ड्रॉइंग टीचर, यावर पालकांचा अजून भरवसा आहे. पण २००९ चा शिक्षणहक्क कायदा बघा. सहावी ते आठवीसाठी, पट शंभराच्या वर असेल तर, कलाशिक्षणाला त्यात फक्त अंशकालीन निदेशक सांगितला आहे. लहान गावातल्या कमी पटाच्या शाळेवर तेवढेही बंधन नाही. म्हणून या एकाच नोकरीवर विसंबून राहू नये.

उरते ते खासगी काम : एलिमेंटरी-इंटरमिजिएटचे क्लास, फ्लेक्स आणि पत्रिकांचे डिझाइन, शाळांच्या भिंती, गणपतीचे रंगकाम, पुस्तकांची चित्रे. काम आहे, पण ते 'हौस' म्हणून करून घेतले जाते. आमच्या केंद्रात आलेल्या एका मुलीने एका संस्थेच्या पुस्तिकेसाठी चित्रे काढली. पुस्तिका छापून आली. तीत लेखकाचे, छापखान्याचे, देणगीदारांचे, सगळ्यांचे नाव होते. चित्रे कुणाची, ते कुठेच नव्हते. पैसे मागितले तर उत्तर मिळाले, 'तुझाही हात बसला ना!'

अशा मुलीला कायद्याच्या दोन-तीन गोष्टी माहीत हव्यात. पैसे घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या चित्राचा स्वामित्वहक्क, वेगळा करार नसेल तर, काम सांगणाऱ्याकडे जातो. म्हणून काम घेण्याआधी साध्या कागदावर का होईना, लिहून सह्या घ्याव्यात : किती चित्रे, किती पैसे, कधी देणार, कुठे वापरणार. हक्क कुणाकडेही गेला, तरी 'हे चित्र माझे' असे सांगण्याचा अधिकार १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे तिचाच राहतो. आणि फ्लेक्सच्या दुकानात मालकाने त्रास दिला, तिथे दहापेक्षा कमी माणसे असली, तरी २०१३ च्या कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते.

कॉलेजलाही प्रवेशाआधी विचारा. अभ्यासक्रमाला सरकारी मान्यता आहे का? संगणकावरचे काम शिकवतात का? फीशिवाय रंग-कागदाचा खर्च किती? मागच्या तीन वर्षांतल्या मुली आज काय करतात? शेवटच्या प्रश्नाला 'लग्ने झाली' एवढेच उत्तर मिळाले, तर पुढचे प्रश्न विचारायला कचरू नका.

महिला संघटनांनीही ८ मार्चच्या पोस्टरचे पैसे द्यावेत आणि खाली चित्रकर्तीचे नाव घालावे. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गटाने आपल्या गावातल्या चित्रकला शिकलेल्या मुलींची यादी आणावी. एकत्र बसून कामाचे दर ठरवू, म्हणजे कुणा एकीला एकटीने घासाघीस करावी लागणार नाही.