कालव्यावरची वही

(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मागच्या महिन्यात सेक्रेटरींनी मला विचारलं, ‘काका, कट्ट्यावर तुम्ही काय बोलणार?’ मी म्हटलं, ‘इंग्लंडमध्ये बोट चालवली, त्यावर बोलतो.’ ते म्हणाले, ‘प्रवासवर्णन नको हं, सगळेच अमेरिका-युरोपचं सांगतात.’ तेव्हा आधीच खुलासा करतो. हे प्रवासवर्णन नाही. हे एका वहीबद्दल आहे. ती वही मी बरोबर आणली आहे, आणि ज्यांनी त्या वहीत ढवळाढवळ केली त्याही समोर दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत. त्यामुळे आज खोटं बोलायची सोय नाही.

2017 च्या सप्टेंबरात आम्ही दोघं लेकीकडे इंग्लंडला गेलो होतो. जावयाने एक आठवड्यासाठी कालव्यावरची बोट भाड्याने घेतली. तिथे हिला नॅरोबोट म्हणतात, आणि नाव अगदी खरं आहे. रुंदी जेमतेम सात फूट, आमच्या बोटीची लांबी 57 फूट. म्हणजे आपल्या बी विंगचा पॅसेज पाण्यावर सोडल्यासारखं. आत गॅसची शेगडी, सिंक, झोपायचे बाक, संडास-बाथरूम, सगळं एकामागे एक. मागे उभं राहून सुकाणूचा दांडा धरायचा. दांडा डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे वळते. हे कळायला मला एक दिवस आणि दोन झुडपं लागली.

हे कालवे दोनशे-सव्वादोनशे वर्षांपूर्वी कोळसा, चुनखडी, लोखंड वाहून न्यायला खणले. काठाच्या वाटेवरून घोडा चालायचा आणि दोराने बोट ओढायचा. मग रेल्वे आली आणि कालव्यांचे दिवस भरले. आम्ही ज्या लँगोलेन कालव्यावर गेलो तो 1944 साली वाहतुकीसाठी कायद्याने बंदच झाला होता. डी नदीचं पाणी त्यातून पुढे जातं म्हणून केवळ तो बुजवला नाही. त्याच 1944 साली एल. टी. सी. रोल्ट या गृहस्थाचं ‘नॅरो बोट’ नावाचं पुस्तक प्रसिद्ध झालं. 1939 साली तो बायकोला घेऊन ‘क्रेसी’ नावाच्या बोटीतून कालव्यांवर हिंडायला निघाला होता, त्याची ती हकीकत. ती वाचून माणसं जागी झाली आणि 1946 मध्ये कालवे वाचवायची संघटना उभी राहिली. आज तिथे सुटीच्या बोटींची रांग लागते. आता 2012 पासून एक धर्मादाय ट्रस्ट बहुतेक कालव्यांची देखभाल करतो.

आता वहीकडे येतो.

निघण्याच्या आधी जावयाने मोबाईलवर एक ॲप टाकलं. म्हणाला, ‘बाबा, हे सगळं आपोआप नोंदवतं. किती मैल, किती वेग, कुठे थांबलो.’ मी काही बोललो नाही. पण गावातल्या दुकानातून एक लांबट वही, पट्टी आणि दोन पेन्सिली घेतल्या. आपल्याला सवयच ती. 36 वर्षं डे बुक लिहिलं, दिवसाची नोंद दिवसालाच. बँकेत कॉम्प्युटर आले तेव्हासुद्धा मी पहिले सहा महिने गुपचूप वही ठेवली होती. (इन्स्पेक्शनवाल्यांना कळलं नाही.)

वहीत मी रकाने आखले. तारीख. निघालो कुठून, किती वाजता. पोहोचलो कुठे. मैल. लॉक किती. इंजिनाच्या मीटरचं रीडिंग. पाणी कुठे भरलं. हवा. आणि शेवटी ‘शेरा’.

‘कुठे’ हा रकाना भरायचा कसा, हा पहिला प्रश्न. काठावर गाव नाही, पाटी नाही, नुसत्या गाई. त्याचं उत्तर पुलांमध्ये आहे. कालव्यावरच्या जवळजवळ प्रत्येक पुलाला नंबर असतो, कमानीवर छोटी पाटी असते. तिथे पत्ता असाच सांगतात, अमुक नंबरच्या पुलापाशी बोट बांधली आहे. मला हे फार आवडलं. खात्यांना नंबर असावेत तसे पूल.

दुसरा प्रश्न वेळेचा. वेगाची मर्यादा ताशी चार मैल, पण उभ्या बोटींजवळून जाताना त्याहून हळू जावं लागतं, नाहीतर त्यांच्या खुंट्या उपटतात आणि लोक खिडकीतून शिव्या देतात. त्यात मध्येमध्ये लॉक. लॉक म्हणजे पाण्याच्या जिन्याची एक पायरी समजा. दोन दरवाजांमधला हौद. बोट आत घ्यायची, दार लावायचं, झडपा उघडून पाणी भरायचं किंवा सोडायचं, बोट वर किंवा खाली जाते, मग पुढचं दार उघडायचं. हे सगळं आपल्याच हाताने, लोखंडी हँडल फिरवून. तिथले लोक एक सोपा हिशेब धरतात. मैल अधिक लॉक, भागिले तीन, म्हणजे तास. रेनबरीपासून लँगोलेन साधारण 38 मैल आणि 12 लॉक. बेरीज 50, म्हणजे जवळपास 17 तास. आपल्या पुणे-मुंबईला किती लागतात ते सोडा, त्यावर मंडळी बोलायला लागतील. माझ्या वहीप्रमाणे जाताना 18 तास 40 मिनिटं लागली आणि येताना 16 तासांच्या आत. मोबाईलचीही बेरीज जवळपास तीच.

हा फरक का पडला? जावई म्हणाला, सरावाने. मी वही उघडली. चर्क नावाच्या गावी 459 यार्डांचा बोगदा आहे. एका वेळी एकच बोट जाऊ शकते, आत मिट्ट काळोख. माझ्या नोंदीप्रमाणे जाताना 12 मिनिटं, येताना 7. बोगद्यात सरावाचा काय संबंध? मग लक्षात आलं. बहुतेक कालव्यांचं पाणी उभं असतं, पण ह्या कालव्यातून डी नदीचं पाणी वाहतं. जाताना आपण प्रवाहाविरुद्ध होतो. आणि गंमत अशी की बोगद्यात मोबाईल आंधळा झाला होता. नकाशावर त्याने ह्या तोंडापासून त्या तोंडापर्यंत नुसती रेघ मारली. म्हणून त्या दिवशी मी जावयासमोर थोडा मिरवलो, हे कबूल करतो.

पण मोबाईलचं श्रेय मोबाईलला. बेरीज कधी चुकली नाही. फोटोवर वेळ आणि जागा आपोआप पडते, त्यामुळे ‘हा पूल कुठला’ म्हणून भांडण नाही. मुंबईतल्या माझ्या धाकट्या भावाला रोज रात्री नकाशा दिसायचा. तोटा एवढाच की बोटीवर चार्जिंगचे वांधे. इंजिन चालू असेल तोवर ठीक, मग बॅटरी जपून वापरायची. पेन्सिलीला चार्जिंग लागत नाही, आणि पावसात शाई ओघळते तशी ती ओघळत नाही. हे मला हिने सांगितलं, मी पेन घ्यायला निघालो होतो.

पॉन्टकसल्टेचा जलसेतू मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. टेलफर्ड आणि जेसप या इंजिनिअरांचं काम, 1805 साली खुला झाला. 1007 फूट लांब, 126 फूट उंच. दगडी खांबांवर लोखंडी पन्हळ ठेवली आहे आणि त्यात पाणी. खाली डी नदी. एका बाजूला काठवाट आणि कठडा. दुसऱ्या बाजूला कठडाच नाही. पन्हळीची कड पाण्यापेक्षा चार बोटं वर, आणि पलीकडे हवा. ही आतून खिडकीतून बघत होती. तिला कड दिसतच नव्हती, नुसती खालची झाडांची टोकं. त्या दिवशीच्या शेऱ्यात मी लिहिलं, ‘उंच पूल. ठीक.’ ती वाचून हसली. म्हणाली, ‘एवढंच?’

येताना मात्र शेरा लिहिण्यासारखं घडलं, आणि मी तो लिहिला नाही.

गुरुवारची सकाळ. न्यू मार्टन नावाच्या जागी दोन लॉक आहेत. आम्ही खाली उतरत होतो. आता मी सुकाणूवर पक्का झालो होतो, निदान मला तसं वाटत होतं. वरचं लॉक सुरळीत पार झालं. खालच्या लॉकमध्ये बोट आत घेतली, लेकीने खालच्या झडपा उघडल्या, पाणी उतरायला लागलं. आता ह्यात एक धोका असतो. वरच्या दाराच्या पायथ्याशी पाण्याखाली दगडी उंबरठा असतो. लॉक भरलेलं असताना तो दिसत नाही. काठावर पांढरी रेघ मारलेली असते, बोटीचं मागचं टोक त्या रेघेच्या पुढेच ठेवायचं. मागे राहिलं तर पाणी उतरताना ते उंबरठ्यावर टेकतं, पुढचा भाग खाली जात राहतो, आणि बोट कलती होऊन पाणी आत शिरतं. अशा बोटी बुडाल्या आहेत. बोट ताब्यात देताना त्या माणसाने हे दोनदा सांगितलं होतं.

मी काय करत होतो? मी खिशातून वही काढून ‘11.42, लॉकमध्ये प्रवेश’ असं लिहीत होतो.

बोट हळूच मागे सरकली. मला कळलंच नाही. एकदम पायाखालून खर्रकन आवाज आला आणि पुढचा भाग खाली जायला लागला. आतून भांडी पडल्याचा आवाज, हिची हाक. मी दांडा धरून नुसता उभा. मला काही सुचेना, हे खरं सांगतो. काठावरून लेक ओरडली आणि तिने दोन्ही झडपा धाडकन खाली टाकल्या. पाणी उतरायचं थांबलं. जावई धावत वरच्या दाराकडे गेला आणि वरची झडप थोडी थोडी उघडून पाणी परत भरायला लागला. मिनिटं किती गेली सांगता येत नाही. मग मागचं टोक सुटलं, बोट एकदा डुलली आणि सरळ झाली. ही वर आली, माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता परत आत गेली.

मी वहीत पुढची ओळ लिहिली: ‘लॉक पार, 12.29.’ बाकी काही नाही. शेऱ्याचा रकाना कोरा.

संध्याकाळी जावयाने मोबाईल बघितला. वरच्या लॉकला 14 मिनिटं, खालच्याला 47. एवढंच त्यात होतं. तो मुलगा समंजस आहे. म्हणाला, ‘इथे जरा जास्त वेळ गेला वाटतं,’ आणि फोन बंद केला. मोबाईलच्या लेखी आम्ही त्या लॉकपाशी चहा प्यायलो असू. ती जादा तेहतीस मिनिटं जणू सस्पेन्स खात्यात जाऊन पडली. आणि मी, ज्याने ब्रँचमध्ये पोरांना कोऱ्या शेऱ्यावरून मेमो दिले होते, मला ते सोयीचं वाटलं.

शुक्रवारी सकाळी तारीख टाकायला वही उघडली, तर कालच्या शेऱ्यात पेन्सिलीने, तिच्या बारीक अक्षरात लिहिलेलं:

‘बोट दगडी उंबरठ्यावर अडकली. हे वही लिहीत होते. चार कप फुटले. मुलीने झडप टाकली म्हणून वाचलो.’

मला राग आला, खोटं कशाला सांगू. माझ्या वहीत लिहायचं म्हणजे काय! पेन्सिलचं होतं, खोडणं सोपं होतं. खोडरबर टेबलावरच पडलं होतं. मी ते उचललंसुद्धा. ती पलीकडे पोहे परतत होती, वळून बघत नव्हती. मग मी त्या ओळीखाली माझं इनिशियल टाकलं आणि वही मिटली. त्या दिवशी दांडा जड लागत होता, तेही लिहिलं. आदल्या दिवशीही लागत होता, पण तेव्हा लिहिलं नव्हतं.

शनिवारी बोट परत दिली. तिथल्या माणसाने विचारलं, सगळं ठीक? एरवी मी ‘हो’ म्हणालो असतो. मी वही त्याच्या पुढे केली आणि जावयाला म्हटलं, वाचून दाखव. जावयाने हिचा शेरा इंग्रजीत वाचून दाखवला, ‘हे वही लिहीत होते’ सकट. तो माणूस मागे गेला, बराच वेळ ओणवा होऊन बघत होता. सुकाणूचं खालचं टोक जागेवरून सरकलं होतं. म्हणाला, बरं झालं सांगितलंत, दुपारी हीच बोट दोन लहान मुलांच्या कुटुंबाला द्यायची आहे. आमच्या डिपॉझिटमधून काही रक्कम कापली गेली. ती नोंदही वहीत आहे, पावती चिकटवली आहे.

परत आल्यावर मी सगळी वही एक्सेलमध्ये चढवली. ज्यांना असा प्रवास करायचा आहे त्यांना मागितली तर देईन. मैल, तास, इंजिन, ह्या गोष्टी मोबाईलला करू द्याव्यात, माझं आता तेच मत आहे. पण वही बोट बांधल्यावर लिहावी, चालत्या बोटीवर नाही. आणि शेऱ्याचा रकाना रुंद आखावा. मी पाऊण इंच ठेवला होता, हिला चार ओळी कोंबाव्या लागल्या.

वही तिथे टेबलावर ठेवली आहे, चहा झाल्यावर बघा. पान नऊ. आत्ता समोरून खूण होते आहे की कप चार नाही, पाच फुटले होते. असतील. नोंद चारची आहे.