दुसरे ग्राफिक्स कार्ड की नवे कार्ड?

संगणकातील ग्राफिक्स कार्ड कमी पडू लागले की दोन वाटा समोर येतात. आहे त्या कार्डाशेजारी तसेच दुसरे बसवायचे, किंवा जुने काढून नव्या पिढीचे एकच कार्ड घ्यायचे. पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि चाकण या पट्ट्यात हा प्रश्न व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांपुरता राहिलेला नाही. टाटा मोटर्स, बजाज ऑटो, महिंद्रा, फोक्सवॅगन अशा कारखान्यांमुळे इथे डाय, मोल्ड, जिग-फिक्स्चर आणि सुटे भाग बनवणारे असंख्य लहान उद्योग उभे राहिले. त्यांच्या डिझाइन विभागातले काम आज ग्राफिक्स कार्डावर अवलंबून असते आणि तिथल्या दोन-तीन संगणकांवर होणारा खर्च मालकाला जपूनच करावा लागतो.

ग्राफिक्स कार्ड म्हणजे एकाच वेळी हजारो छोटी गणिते करणारा, स्वतःची वेगळी मेमरी असलेला संगणकच. २०२१ साली आलेल्या एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०६० या कार्डात ३,५८४ गणनाकेंद्रे आहेत आणि त्याच्या प्रचलित आवृत्तीत १२ जीबी मेमरी आहे. कार्ड कमी पडते याचे अर्थ दोन असू शकतात. गणिताचा वेग पुरत नाही, किंवा काम त्याच्या मेमरीत मावत नाही. या दोन दुखण्यांवर औषधे वेगवेगळी आहेत. म्हणून खरेदीआधी निदान हवे.

निदानाची सुरुवात पडद्यावरच होते. मोटारीच्या दाराच्या आतल्या पत्र्याची डाय उघडली आहे, तिच्यात शेकडो भाग आहेत. माउसने ती फिरवताना चित्र झटके देत सरकत असेल, तर कार्डाकडे पाहावे. पण चित्र सहज फिरते आणि एखादे माप बदलल्यावर मॉडेल पुन्हा बांधले जाईपर्यंत थांबावे लागते, असे असेल तर दोष बहुधा कार्डाचा नसतो. कॅड सॉफ्टवेअरमधले हे काम मुख्य प्रोसेसर करतो, आणि तेही बरेचसे एकाच गाभ्यावर. विंडोजमधील टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स या पानावर जीपीयूचा, म्हणजे ग्राफिक्स कार्डाच्या प्रोसेसरचा, आलेख आणि त्याखाली समर्पित मेमरीचा आकडा दिसतो. काम चालू असताना आलेख तळाशीच राहिला, तर दुसरे कार्डही वाया जाईल आणि नवेही.

कार्डच अपुरे पडते हे ठरल्यावर पुढचा प्रश्न असा की काम वाटून देता येते का. वर्कशॉपमधल्या माणसाला हे लगेच उमगते. शंभर जॉब असतील तर दोन व्हीएमसी मशीनवर पन्नास-पन्नास लावता येतात आणि वेळ निम्मा होतो. पण एकच जॉब एकाच वेळी दोन मशीनच्या बेडवर बांधता येत नाही. तो लवकर हवा असेल तर अधिक वेगवान मशीनच लागते.

पडद्यावर चित्र हलते ठेवणे हे दुसऱ्या प्रकारचे काम आहे. ते दोन कार्डांत वाटण्याचे प्रयत्न पुष्कळ झाले. थ्रीडीएफएक्स कंपनीच्या व्हूडू-२ या १९९८ च्या कार्डांची जोडी चित्राच्या ओळी आलटून-पालटून काढत असे. एनव्हिडियाने २००४ मध्ये एसएलआय आणले, एटीआयने पुढच्याच वर्षी क्रॉसफायर. त्यांच्या सर्वाधिक वापरल्या गेलेल्या पद्धतीत एक चित्र पहिले कार्ड काढी, पुढचे दुसरे. सरासरी वेग वाढे, पण दोन चित्रांमधले अंतर सारखे राहत नसे, त्यामुळे हालचाल बारीक हिसके देई. शिवाय प्रत्येक गेमसाठी वेगळी जुळवणी करावी लागे. २०२१ पासून एनव्हिडियाने नव्या जुळवण्या देणे थांबवले आणि २०२२ च्या आरटीएक्स ४०९० वर कार्डे जोडण्याची सोयच ठेवली नाही. आरटीएक्स ३०६० वर तर ती कधीच नव्हती. म्हणून गेम असो वा कॅडमधले मॉडेल फिरवणे असो, या कामासाठी दुसरे कार्ड घेण्यात आता अर्थ उरलेला नाही.

मेमरीबाबत सर्वांत मोठा गैरसमज असतो. १२ जीबीची दोन कार्डे बसवली म्हणजे २४ जीबी मेमरी झाली, असे समजले जाते. बहुतेक कामांत तसे होत नाही. ब्लेंडरच्या सायकल्ससारखे रेंडरिंग सॉफ्टवेअर संपूर्ण दृश्याची प्रत प्रत्येक कार्डावर ठेवते. दृश्य १५ जीबीचे असेल तर ते पहिल्यावरही मावत नाही आणि दुसऱ्यावरही नाही. अशा वेळी जास्त मेमरीचे एकच कार्ड हाच उपाय. काम मुद्दाम तुकडे करून वाटणारी सॉफ्टवेअरे याला अपवाद आहेत. भाषेची मोठी मॉडेल चालवणारी काही सॉफ्टवेअरे मॉडेलचे थर दोन कार्डांत विभागतात, आणि प्रवाहाचे गणित करणारे काही सॉल्व्हरही तसेच करतात.

दृश्य एका कार्डात मावत असेल, तर रेंडरिंगमध्ये दुसऱ्या कार्डाचा फायदा घसघशीत असतो. ग्राहकाला दाखवायच्या चित्राचा प्रत्येक भाग स्वतंत्रपणे काढता येतो, त्यामुळे दोन कार्डे वेळ जवळपास निम्म्यावर आणतात. कॅमेऱ्याने भागांवरचे ओरखडे किंवा चिरा ओळखणारी तपासणी यंत्रणा शिकवायची असेल, तर फोटोंचे गठ्ठे दोन कार्डांत वाटता येतात. अनेक डिझाइनचे प्रयोग एकाच वेळी चालवायचे असतील, तर प्रत्येक प्रयोगाला एक कार्ड देता येते.

मजबुतीच्या आणि ताणाच्या गणिताची गोष्ट वेगळी. त्यातल्या अनेक सॉल्व्हरना दुहेरी अचूकतेची आकडेमोड लागते. आरटीएक्स ३०६० सारख्या कार्डांत अशा आकडेमोडीचा वेग साध्या आकडेमोडीच्या फक्त चौसष्टाव्या भागाइतका असतो. एनव्हिडियाच्या ए१०० या डेटा सेंटरसाठीच्या कार्डात तो निम्मा असतो. तेव्हा अशा गणितासाठी साधी दोन कार्डे घेऊनही फारसे साधत नाही. तो पैसा प्रोसेसर आणि रॅमवर खर्च केलेला बरा.

काम वाटता येत असले तरी सगळेच वाटले जात नाही. एखाद्या कामाला दहा तास लागतात, त्यातले आठ कार्डावर आणि दोन फाइल वाचणे, जाळी तयार करणे अशा तयारीत जातात, असे धरू. दुसरे कार्ड घेतल्यावर आठाचे चार होतात, दोन तसेच राहतात. एकूण सहा तास. खर्च दुप्पट, वेग मात्र पावणेदोन पटीहूनही कमी. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या नियमाचा हाच गाभा आहे.

एक वेगवान की अनेक साधे, हा पेच पुण्याने फार मोठ्या प्रमाणावर सोडवला आहे. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक या संगणक संशोधन संस्थेची स्थापना झाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तिने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक तयार केला. त्यात ट्रान्सप्युटर नावाचे अनेक प्रोसेसर जोडलेले होते. पण जोडणी हे अर्धेच काम होते. गणिताचे तुकडे पाडून ते सर्वांकडून करवून घेणारे सॉफ्टवेअरही सी-डॅकला उभे करावे लागले. २०२० मध्ये तिच्याच परम सिद्धी-एआय या ए१०० कार्डांच्या महासंगणकाला जगातील पाचशे महासंगणकांच्या यादीत ६३ वा क्रमांक मिळाला. कार्डांची संख्या उपयोगी पडते ती सॉफ्टवेअरला काम वाटता येते तेव्हाच, हे तिथेही खरे आणि भोसरीतल्या टेबलाखालच्या कॅबिनेटलाही लागू.

वाटणी जमणार असेल, तर मग कॅबिनेट उघडून पाहावे. साध्या डेस्कटॉप प्रोसेसरकडून ग्राफिक्स कार्डासाठी १६ लेन, म्हणजे माहिती ने-आण करणाऱ्या वाटा, मिळतात. काही मदरबोर्ड त्या आठ-आठ अशा वाटतात, पण अनेक मदरबोर्डांवर दुसऱ्या लांब स्लॉटला चारच लेन असतात. रेंडरिंगला ते चालते, कारण दृश्य एकदाच कार्डावर जाते. दोन कार्डांनी सतत एकमेकांशी बोलायचे असेल तर मात्र काम रखडते. त्यानंतर वीज पुरवणारा एसएमपीएस. आरटीएक्स ३०६० ला १७० वॅट लागतात, दोघांना ३४०. प्रोसेसर आणि बाकीचे भाग धरून बेरीज साडेपाचशेच्या आसपास जाते. एका कार्डाला पुरणारा ५५० वॅटचा एसएमपीएस मग बदलावाच लागतो, आणि यूपीएसचीही फेरतपासणी करावी लागते.

उष्णतेकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. दोन जाड कार्डे शेजारच्या स्लॉटमध्ये बसली की मध्ये जेमतेम बोटभर फट उरते. खालच्या कार्डाने सोडलेली गरम हवा वरच्याचे फॅन ओढून घेतात आणि तापमान मर्यादेपाशी आले की वरचे कार्ड स्वतःचा वेग कमी करते. चाकणच्या उन्हाळ्यात, शॉप फ्लोअरला लागून असलेल्या खोलीत, कूलंटच्या तेलकट वाफेने धूळ फॅनच्या पात्यांना चिकटून बसते, त्यामुळे हे आणखी लवकर घडते. गरम हवा थेट मागून बाहेर फेकणारी ब्लोअर पद्धतीची कार्डे आणि ठरावीक दिवसांनी साफसफाई, हे यावरचे उपाय. औद्योगिक वसाहतीतील अनेक कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते. बुधवारी संध्याकाळी लावलेले मोठे काम शुक्रवारी सकाळी तयार हवे असेल, तर बंद खोलीत तेवढा सगळा वेळ यंत्र थंड राहील याची खात्री आधीच करावी.

नवे कार्डही डोळे झाकून घेण्याजोगे नसते. २०२३ चे आरटीएक्स ४०६० हे ३०६० पेक्षा वेगवान आहे आणि ११५ वॅटमध्ये चालते, पण त्याची मेमरी ८ जीबीच आहे. मेमरी कमी पडत होती म्हणून हे कार्ड घेणाऱ्याची अडचण वाढेल. त्यापेक्षा १६ जीबीचे आरटीएक्स ४०६० टीआय किंवा २०२५ चे १६ जीबीचेच आरटीएक्स ५०६० टीआय योग्य. कॅडसाठी सॉफ्टवेअर कंपनीने प्रमाणित केलेले व्यावसायिक कार्ड पाहावे. त्यांपैकी आरटीएक्स ए२००० ला केवळ ७० वॅट लागतात, त्यामुळे ते स्लॉटच्याच विजेवर चालते. सॉलिडवर्क्समधील मॉडेल वास्तवासारखे दाखवणारी रिअलव्ह्यू ही सोय प्रमाणित कार्डांसाठीच आहे. सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती वापरात असेल, तर ती अगदी नव्या कार्डावर चालते का हेही विचारून घ्यावे.

पैशाचा हिशेब करताना दुसऱ्या कार्डाच्या किमतीत एसएमपीएस, यूपीएस आणि वाढलेले वीजबिल धरावे. रोज दहा तास चालणारे १७० वॅटचे कार्ड दिवसाला १.७ युनिट खाते, म्हणजे तीनशे दिवसांत ५१० युनिट. नव्या कार्डाच्या किमतीतून जुने विकून येणारी रक्कम वजा करावी. नोंदणीकृत उद्योगाला १८ टक्के जीएसटीची वजावटही हिशेबात धरता येते, त्यासाठी रीतसर बिल हवे. जुन्या पिढीचे दुसरे कार्ड बहुधा वापरलेलेच मिळते. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचे ग्राफिक्स कार्डांवरचे खाणकाम थांबले आणि दिवसरात्र राबलेली असंख्य कार्डे बाजारात आली. असे कार्ड वॉरंटीशिवाय घेणे म्हणजे डिलिव्हरीची तारीख धोक्यात घालणे.

निर्णयाचा क्रम त्यामुळे असा ठरतो. दोष कार्डाचाच आहे का, ते आधी मोजावे. मेमरी पुरत नसेल किंवा पडद्यावरचे चित्र अडखळत असेल, तर अनुक्रमे जास्त मेमरीचे किंवा जास्त वेगाचे एकच नवे कार्ड घ्यावे. काम एका कार्डात मावते, सॉफ्टवेअर ते वाटू शकते आणि असे काम रोजचे आहे, या तिन्ही गोष्टी जमत असतील तरच दुसऱ्या कार्डाचा विचार करावा, आणि तोही स्लॉट, एसएमपीएस आणि हवा तपासून. शंका उरली तर आपलीच एक फाइल घेऊन विक्रेत्याकडे किंवा ओळखीच्या कार्यालयात दोन्ही रचनांवर चालवून पाहावी. जाहिरातीतल्या आकड्यांपेक्षा आपल्या कामाला लागलेला वेळ हाच खरेदीचा भरवशाचा आधार असतो.