आवाज जाड हवा, गढूळ नको

मढ कोळीवाड्यातल्या आमच्या बचत गटातर्फे आज एक वेगळा विषय घेतोय: इलेक्ट्रिक गिटार. तुम्ही म्हणाल, बचत गटाचा आणि गिटारचा काय संबंध? संबंध आहे. शिलाई मशीन आणि मासळीसाठी बर्फाची पेटी यांच्याबरोबर आता मुलांच्या वाद्यांसाठीही कर्जाची मागणी येते. हळदीला, गणपतीला वाजणारा बेंजो ऐकत वाढलेली आपली मुलं-मुली आता रॉक वाजवतात. मग घरी मागणी सुरू होते: “आई, आवाज भारी येत नाही, मोठा ॲम्प्लिफायर घेऊ या.”

पैसे देण्याआधी हा भारी आवाज येतो कुठून, ते समजून घेऊ.

गाण्याला खालून आधार देते ती रिदम गिटार. तिची खरखर ‘गेन’ नावाच्या बटणाने येते. गेन वाढवला की आवाजाच्या लाटेचं टोक कापलं जातं आणि मूळ सुरात वरचे सूर मिसळतात. पण फार वाढवला, तर हलका फटका आणि जोराचा फटका सारखाच ऐकू येतो. ठोका हरवतो, नुसती घरघर उरते. तिखट जास्त पडलं की म्हावऱ्याची चव लागत नाही, तसंच हे.

म्हणून बास, मिडल, ट्रेबल ही तिन्ही बटणं मधोमध ठेवावीत. गेन शून्यापासून हळूहळू वाढवावा आणि आवाज जाड झाला की थांबावं. खोलीत एकटं वाजवताना मुलं मिडल कमी करतात आणि बास चढवतात. एकट्याला ते छान वाटतं, पण सगळ्यांबरोबर वाजवताना गिटार ऐकूच येत नाही. खालची जागा बास गिटारची आणि मोठ्या ड्रमची, वरची झांजांची. गिटारची जागा मधली. तीच कमी केली, तर उरणार काय?

बाकीचं काम हाताचं. उजव्या तळव्याची कड घोडीजवळ तारांवर अलगद टेकवली की आवाज दबतो आणि ठोका घट्ट होतो. सूरही थोडेच लागतात. सा आणि प, एवढ्या दोघांवर ‘पॉवर कॉर्ड’ होते. गेन जास्त असताना आणखी सूर घातले, तर गढूळ होतं. आणि तारा सुरात नसतील, तर कुठलंच बटण कामाचं नाही.

इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा तोच हात. त्याने प्लॅस्टिक वितळवून बोटांना टोपणं केली आणि हलक्या तारा लावल्या. पुढे तारा ढिल्याही केल्या. 1970 साली त्याच्या ब्लॅक सॅबथ या बँडची पहिली तबकडी आली. हेवी मेटलची सुरुवात तिथून धरतात.

आमच्या गटातल्या एका ताईंनी लेकीसाठी मोठ्या ॲम्प्लिफायरचं कर्ज मागितलं, तेव्हा बैठकीत कुणीतरी म्हणालंच, “मुलीला कशाला?” आम्ही ठरवलं, मुलगा-मुलगी बघायचं नाही, आधी ऐकायचं. पोरीला जुन्याच लहान ॲम्प्लिफायरवर ड्रमबरोबर वाजवायला सांगितलं. तिने गेन उतरवला, मिडल वाढवला आणि गिटार स्पष्ट ऐकू आली. कर्ज दिलं, पण नव्या तारांपुरतं आणि गिटारच्या दुरुस्तीपुरतं. परतफेडीचा हप्ता ताईंना झेपला.

तुमच्या गटात असा अर्ज आला, तर तीन गोष्टी विचारा. तारा शेवटच्या कधी बदलल्या? दुसऱ्या वाद्यांबरोबर वाजवून पाहिलं का? सरावाला जागा कुठे आहे? घरं एकमेकांना लागून असतात. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर लावायला बंदी आहे, आणि घरातल्या रात्रीच्या सरावाला हेडफोन पुरतो. तोही कमी आवाजात, कारण कान पुन्हा विकत मिळत नाहीत.

मुलांना नाही म्हणण्याआधी एकदा शेजारी बसून ऐका, आणि हो म्हणण्याआधीसुद्धा.